खालच्या टोकाचा अंगठा

मामा बोअर मारून जमिनीखालची माती तपासतो. शाळा सोडल्यापासून मी त्याच्याच हाताखाली.

पाइप वर आला की आतली माती लांब दांड्यासारखी बाहेर ढकलायची. बोटांत चोळल्यावर खरखरली तर वाळू. सुतळीसारखी वळली तर चिकणमाती. मग ती किती मऊ आहे ते बघायला मामा त्या दांड्याच्या वरच्या टोकाला अंगठा दाबतो. कायम वरच्याच.

आज सकाळपासून खालच्या टोकालाही अंगठा उमटलेला निघत होता.

"हात शिवशिवतात का रे तुझे?" मामा खेकसला. "नमुना बिघडला तर अख्खं भोक पुन्हा मारावं लागतं. आता परत दिसलं तर सरळ आईकडे पाठवीन तुला."

माझं डोकंच फिरलं. "मी हातसुद्धा लावला नाही! तूच करतोस आणि माझ्या नावावर खपवतोस!"

"मग हात मागे बांध. इथे समोर उभा राहा."

राहिलो, आणि त्याच्या हातांवरच नजर ठेवली. पुढचा पाइप त्यानेच काढला, माती त्यानेच ढकलली. वर वाळू होती, खाली करडी चिकणमाती. खालच्या टोकाला अंगठा होताच.

"आता बोल की!" मी म्हटलं.

मामाने त्या खळग्यात स्वतःचा अंगठा घालून पाहिला. चपखल बसला. त्याच्या चिरलेल्या नखाची रेघसुद्धा जुळली.

पकडला, असं मी म्हणणार, तोच त्याचा अंगठा मुळापर्यंत आत गेला.

"सोड, गाढवा," मामा मान वर न करता म्हणाला. "ओढू नकोस."

माझे हात अजून मागेच होते.