खोब्रागडे सिस्टरांचे हात

"आई, वरण गार झालं," डबा घेऊन आलेली उत्पला म्हणाली.

"थांब गं, मादागास्करच्या पोराची शीर आत्ताच सापडलीय."

चंद्रपूरच्या सरकारी साथ-कक्षात खोब्रागडे सिस्टर हातमोजे घालून बसल्या होत्या. त्यांची बोटं इथे हलली की समुद्रापार यंत्राचे हात तशीच सुई टोचायचे. राज्य सरकारने अशा तीनशे सिस्टर जगभरच्या साथींसाठी दिल्या होत्या.

"माझ्या तापात बसली होतीस कधी एवढी?"

"तुझे ताप नेमके माझ्या ड्युटीतच यायचे. मी काय करू?"

दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सिस्टर झोपेतच गेल्या.

महिन्याने उत्पलाला कक्षातून बोलावणं आलं. सिस्टरांच्या हातांची प्रत्येक हालचाल यंत्राने शिकून ठेवली होती; ती पुढे वापरायची की पुसायची, हे वारसाने ठरवायचं होतं. पुसा म्हणायचं, असं ठरवूनच ती आली होती. आईचे हात आता तिला आणखी कुणाला द्यायचे नव्हते.

अभियंता कुलसंगे यांनी पडद्यावर मादागास्करचा वॉर्ड दाखवला. एका मुलीला हात लावण्याआधी यंत्राने आपले धातूचे तळवे एकमेकांवर चोळले.

"पेशंटला गार हात लागू नये म्हणून सिस्टरांची सवय," ते म्हणाले. "निरुपयोगी म्हणून आम्ही काढणार होतो. तिथल्या डॉक्टरांनी काढू दिली नाही. ते पाहिलं की पोरं भीत नाहीत, म्हणे."

मुलीने आपणहून हात पुढे केला. उत्पलाने 'वापरा' या शब्दापुढे सही केली. मग पडद्याकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "आई, मला या पोरांचा फार हेवा वाटायचा गं."