फिल्टरची एकच प्रत

बाहेरून येणारे निरोप तपासून नको ते गाळणारा फिल्टर मी लिहिला. मेल असो वा तक्रारी, सगळे प्रोग्राम मेमरीतली त्याची एकच प्रत वापरतात, ही युक्तीही माझीच. सरांनी दोन्ही गोष्टी स्वतःच्या नावावर खपवल्या.

मग ग्राहक सरांबद्दल तक्रारी करू लागले.

"तक्रारींच्या फिल्टरमध्ये माझं नाव टाक. ते दिसलं की निरोप गाळायचा."

"सर, पण मग सगळीकडेच..."

"शहाणपण शिकवू नकोस. सांगितलं तेवढं कर."

मी तेवढंच केलं.

आज मुख्य कार्यालयातून फोन आला. "तुमचे सर बढतीच्या मेलला उत्तरच देत नाहीत. नकोय का त्यांना?"



"त्यांचा जीव इथंच रमलाय," मी म्हणाले.