अजून एक कोव्ह

लीलावतीबाई थर्मासचं झाकण लावत होत्या, तेवढ्यात त्यांना आपल्या चपला पाण्यावर तरंगताना दिसल्या.

"लाट मोठी आली वाटतं गं," त्या हसत म्हणाल्या.

आसावरी, त्यांची सून, चपलांकडे बघतच नव्हती. तासाभरापूर्वी दोघी खडकाच्या ज्या टोकाला वळसा घालून ओल्या वाळूवरून इथे आल्या होत्या, तिथे आता वाळू नव्हती. पाणी होतं, आणि ते खडकावर आपटत होतं.

हट्ट लीलावतीबाईंचाच होता. संजयराव होते तोवर दर उन्हाळ्यात नवराबायको नॉटिंगहॅमहून स्पेनच्या मेनोर्का बेटावर जायची आणि भूमध्य समुद्राच्या काठाने एकेक कोव्ह, म्हणजे कड्याच्या कुशीत दडलेला चिमुकला किनारा, शोधत हिंडायची. कुठे तांबडी वाळू, कुठे पांढरे गोटे, कुठे पाइनची झाडं थेट पाण्यावर वाकलेली. एक तर इतका अरुंद, की तीन टॉवेल पसरले की भरला. संजयराव गेल्यावर त्या पुन्हा विमानात बसल्याच नाहीत. म्हणून यंदा मुलाने इंग्लंडमध्येच, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, कॉटेज भाड्याने घेतलं. ऐनवेळी त्याला सुट्टी मिळेना, तेव्हा सासू-सून दोघीच आल्या. चार दिवसांत पाच किनारे झाले. एक शिंपल्यांच्या चुऱ्याचा, एक काळ्या पाटीच्या दगडांचा, एकाला तर चक्क गुहा. आज परत फिरताना त्याच म्हणाल्या होत्या, "अजून एक. त्या खडकापलीकडे नक्की असणार." आणि तो होताही.

तिकडे मेनोर्काला समुद्र सकाळी जिथे असतो, जवळजवळ तिथेच संध्याकाळी असतो. इकडचा तसा नाही, भरतीला वाळू गिळून टाकतो, हे चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये काढलेल्या बाईला ठाऊक नव्हतं असं नाही. लक्षात राहिलं नाही, एवढंच.

आसावरीने मदतीचा नऊ-नऊ-नऊ नंबर फिरवला. "कोस्टगार्ड प्लीज. टू ऑफ अस, द टाइड इज... माय मदर कान्ट..." एवढं बोलून झालं आणि आवाज तुटला. पुन्हा लागेना.

मागे कडा सरळसोट. एका बाजूला दगड सुटलेली घळ होती. तरुण माणूस हातापायांवर कसाबसा वर गेला असता. लीलावतीबाईंचा उजवा गुडघा गेल्याच वर्षी बदललेला.

"तू चढ," त्या म्हणाल्या. "वर जाऊन कुणाला तरी बोलाव."

"नाही."

"अगं, तुला पोहता येत नाही. मला येतं. मी थांबते इथे."

"आई, गप्प बस!"

लग्नाला दोन वर्षं झाली, पण आसावरी त्यांच्याशी अशी कधी बोलली नव्हती.

कमरेच्या उंचीवर एक कपार होती. आसावरीने खांदा लावून त्यांना तिच्यात चढवलं. दुसरीला जागा नव्हती. ती खाली उभी राहिली, सासूचे पाय छातीशी घट्ट धरून. पाणी तिच्या गुडघ्यांशी आलं, मग मांड्यांशी. बर्फासारखं गार. तिचे दात वाजत होते, तो आवाज लीलावतीबाईंना वरपर्यंत ऐकू येत होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. नागपूरला आता संध्याकाळ असेल. हिची आई भाजी चिरत असेल. तिला आपण काय सांगणार?

मग इंजिनाचा आवाज आला.

खडकामागून केशरी रबरी बोट वळली. हेल्मेट घातलेली तिघं जण होती. पुढची बाई छातीभर पाण्यात उतरली आणि हात पसरून म्हणाली, "हॅलो, माय लव्हलीज. हू इज फर्स्ट?"

"हिला आधी," लीलावतीबाई म्हणाल्या.

"यांना आधी," आसावरी म्हणाली.

दोघी मराठीत बोलल्या होत्या. तरी त्या बाईला कळलं असावं. "भांडण बोटीत करा," ती इंग्रजीत म्हणाली आणि तिने लीलावतीबाईंना लहान मुलासारखं उचललं.

बंदरावर ब्लँकेटं मिळाली, भरपूर साखरेचा चहा मिळाला. फोन तुटला तरी त्यावरून ठिकाण कोस्टगार्डला कळलं होतं, हेही समजलं. लीलावतीबाईंनी त्या बाईचे गार, ओले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. बोटीत त्यांनी मनात कितीतरी वाक्यं जुळवली होती. आता एकही आठवेना.

"युअर नेम?" त्यांनी विचारलं.

"जेना. पण मला पळायला हवं हं. पेजर वाजला तेव्हा मी मिसेस पास्कोंच्या केसांना रंग लावत होते."

"म्हणजे, हे तुझं काम नाही?"

"काम सलूनमध्ये. इथे बोलावणं आलं की आम्ही येतो, पगाराशिवाय." आणि ती खरोखरच पळाली.

थोड्या वेळाने दोघी एकमेकींना धरून गाडीकडे निघाल्या. चढाच्या कोपऱ्यावर ते सलून होतं. काचेमागे एक म्हातारी बाई खुर्चीत बसली होती, केसांचा रंग अर्धवट, डोकंभर चंदेरी फॉइलच्या घड्या, हातात मासिक. तिच्यामागे जेना धापा टाकत एप्रनची नाडी बांधत होती.

"आई, चला, गार लागतंय," आसावरी म्हणाली.

लीलावतीबाई हलल्या नाहीत. त्यांनी काचेबाहेरून त्या म्हातारीला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. ब्लँकेट खांद्यावरून घसरून फुटपाथवर पडलं.

मिसेस पास्को गोंधळल्या. मग त्यांनी मासिक मांडीवर ठेवलं, आणि फॉइल हलू न देता, अगदी जपून, मान लववली.