गोणपाटाचा आडोसा

धाकट्या जावेने आपल्या गाभण गाईसमोर गोणपाट बांधलं, आणि भामाक्काच्या अंगाची लाहीलाही झाली. आपली गाय चौथ्यांदा उलटली, गाभण राहीना. म्हणून काय आपली दृष्ट लागते? कीर्तनात बुवा सांगत, दुसऱ्याच्या सुखाने डोळे निवावेत. भामाक्काचे पोळत होते.

तिसऱ्या दिवशी ती गाय अडली. जाऊ हाका मारत आली. "अक्का, वासराचा पाय दुमडलाय! डॉक्टर तालुक्याला गेलेत. तुमचा हात बारीक, धावा!"

"आता नाही लागत होय माझी दृष्ट?" म्हणत ती उठलीच. हाताला तेल चोळून, विठ्ठलाचं नाव घेत तिने पाय सरळ केला. कालवड बाहेर आली.

जावेने गोणपाट ओढून काढलं आणि त्यानेच कालवडीचं अंग पुसलं. हेवा अजून होताच. पण भामाक्काने कालवडीला डोळे भरून पाहिलं, आणि जावेने पाहू दिलं.