ओंडक्यावरचा शेजार

पुरात वाहणाऱ्या ओंडक्याच्या एका टोकाला म्हातारी मुंगशीण, दुसऱ्या टोकाला नाग. कालपासून दोघं एकमेकांवर डोळे रोखून बसलेली. तिला झोप अनावर झालेली, पण वैऱ्याची नजर हलेना. डोळा लागला की हा डसणार.

शेवटी तीच खेकसली, “मुडद्या, तुला झोप येत नाही का?”

नाग दचकला. “झोपलोच होतो, मावशी. आम्हाला पापण्या कुठल्या मिटायला?”

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. सापांचा थरकाप उडवणारं तिचं घराणं, आणि हा तिच्यासमोर खुशाल झोपतोय. “माझी भीती नाही वाटत?”

“काल वाटत होती. आज दमलो.”

तेवढ्यात ओंडका कलंडला, ती पाण्यात घसरली. नागानं झेपावून शेपटीचा वेढा घातला, तिला वर ओढलं. “सोडत नाही, झोपेत पडाल,” तो म्हणाला.

“फार आवळू नकोस,” ती गुरगुरली. “आणि हललास तर याद राख.” मग तिनं डोळे मिटले.

दुपारी, ती वेढ्यात अजून घोरत असताना, एक गलेलठ्ठ बेडूक नागाच्या तोंडासमोर येऊन बसला. उपाशी नाग त्याच्याकडे नुसता बघत राहिला.