सातांची जोड

थाविनच्या पैजेतला सातवा सामनाही लागला, आणि लमूनच्या हातातला डाव कालवणाच्या पातेल्यातच थबकला.

तिने मोबाइलवरचा निकाल पुन्हा पाहिला. कुठल्याशा थंड देशातल्या, तळाला गेलेल्या संघाने शेवटच्या मिनिटाला गोल मारला होता. लमूनची थुंग सोंग गावच्या बाजारात भात-कालवणाची टपरी होती. शनिवारी त्याच टेबलावर ती फुटबॉलच्या पैजा घेई. एकेका सामन्यावरच्या पैजा ती शहरातल्या बड्या माणसाकडे पोचवी आणि आपली दलाली ठेवून घेई. जोडपैजा मात्र ती स्वतःच अंगावर घेई, कारण त्या सहसा लागत नसत. सात सामने एका पैजेत बांधायचे. पहिला जिंकला की पैसे दुप्पट, ते सगळे दुसऱ्यावर. तोही जिंकला की पुन्हा दुप्पट, ते तिसऱ्यावर. सातही जिंकले तर पाचशे बाथचे चौसष्ट हजार. एक हरला की बाकीचे सहा गेले चुलीत. ज्याला आशा जास्त आणि अक्कल कमी, तो जोड लावतो, असं तिचं मत होतं.

असल्यांमध्ये पहिला नंबर थाविनचा. तो तिचा दीर.

तिचा नवरा गेला, तेव्हा सासूने रबराची सगळी बाग थाविनच्या नावावर केली. थाविन खांबाला टेकून मान खाजवत उभा राहिला. तोंडातून ब्र काढला नाही. अंत्यसंस्कार उरकल्यावर मात्र पैशांचं पाकीट घेऊन आला. लमूनने ते भिक्षूंच्या देखत अंगणात भिरकावलं. "तुझ्या हातचं मला पाणीही नको," ती म्हणाली होती.

महिनाभराने तोच माणूस पैज लावायला तिच्या टपरीवर आला. कणा नव्हताच, आता लाजही नाही, असं तिला वाटलं. पण पैजेचा पैसा म्हणजे भीक नव्हे. तिने नोट घेतली आणि पुढची तीन वर्षं घेत राहिली. त्याच्या निवडी तरी काय? ज्याचा गोलरक्षक जायबंदी, ज्याचे निम्मे खेळाडू बाहेर, तोच संघ हा शोधून काढणार. "हुशार आहेस रे," ती नोट गल्ल्यात टाकत म्हणे, "आईवर गेलास." तो हसे. तेही बावळटासारखं. त्याच्या नोटांवर लमूनच्या मुलीचं हाट याई शहरातलं नर्सिंगचं शिक्षण पार पडत होतं. बाग अशी मूर्खाच्या हातून तुकड्यातुकड्याने परत येतेय, याचं तिला मोठं सुख होतं.

आणि आज हे.

थाविन आला तो भाजीबाजार उठायच्या सुमारास. रबराच्या चिकाचे डाग पडलेला सदरा, खाली घातलेली मान. लमूनने गळ्यातली सोन्याची साखळी काढली आणि टेबलावर ठेवली. लग्नातली होती. विकण्याजोगं तेवढंच तिच्याजवळ होतं.

"उचल," ती म्हणाली. "वर काही राहिलं तर हप्त्याने देईन. मी कुणाचं ठेवत नाही. तुमच्या घरासारखी नाही मी."

थाविनने साखळीला हात लावला नाही.

"वहिनी, हे कसं झालं मला कळत नाही."

"तुला कधी काय कळलंय? उचल म्हणते ना."

"मी जिंकायला लावत नव्हतो."

"मग काय पुण्य जोडत होतास?"

तो मान खाजवू लागला. तिला त्या हाताचा आजही संताप आला.

"स्टँडवरच्या मोटारसायकलवाल्या पोरांना विचारायचो, या आठवड्यात कोण हरणार," तो म्हणाला. "ती सांगतील ते सात जोडायचो. एकच लावला तर तू पैसे शहरात पाठवतेस. जोड तुझ्याकडेच राहते, हे तुझ्या पोरीनेच मला सांगितलं होतं. तिच्या फीचं बघत होतो. पाकीट तर तू पुन्हा फेकलंच असतंस."

गॅसवरचं कालवण खाली लागल्याचा वास आला. लमूनने उठून गॅस बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली. सरळ तोंडाने चार शब्द बोलायची ज्याची छाती नाही, तो माणूस दर शनिवारी येऊन तिच्या शिव्या खात होता.

मग ती वळली. साखळी उचलून तिने गळ्यात घातली. थाळीत भात वाढला, न लागलेलं वरचं कालवण त्यावर घातलं आणि थाळी त्याच्यापुढे आदळली.

"साधं हरताही येत नाही तुला," ती म्हणाली. "सातांचा भरवसा नाही. पुढच्या शनिवारपासून दहा जोड."