चेअरमनच्या घरची काच

“ओरखडे हिनंच ओढलेत, मल्लिनाथ. दुसरं कोण ओढणार?” धुळाजीनं बोट केलं ते माशांच्या काचेच्या टाकीकडं नाही, दारात उभ्या असलेल्या धाकट्या भावजयीकडं.

काचवाला मल्लिनाथ पॉलिशची पावडर आणि लोकरीचं जाड फडकं घेऊन पाटोद्याहून आला होता. भावकीच्या भांडणात त्याला रस नव्हता. तो मुकाट कामाला लागला.

छबुबाईनं पदर पुढं ओढला. थोरल्या दिरासमोर बारा वर्षांत तिनं तोंड उघडलं नव्हतं. रीतच होती तशी. पण धुळाजी गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन होता आणि सकाळीच त्याचा निरोप आला होता: ओरखडे कबूल कर, नाहीतर उद्यापासून तुझ्या नवऱ्याचं दूध घेणार नाही. सलग तिसरं साल पाऊस नव्हता. रान करपून गेलेलं. नवऱ्याच्या, भारतच्या, दोन गायींवरच तर घरातली चूल पेटत होती.

आता खरं सांगायचं तर संशय यावा असंच वागली होती ती. जळायची की! थोरल्या जावेचं, ताराबाईचं, नाव निघालं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोघींची लग्नं एकाच मांडवात लागली. एक चेअरमनीणबाई झाली, दुसरी टँकरमागं घागर घेऊन पळत सुटली. ताराबाई कधी रांगेत दिसायची नाही. “चेअरमनच्या घरची बाई रांगंत उभी ऱ्हायली तर माझी काय इज्जत?” असं धुळाजी चावडीवर सांगायचा, आणि ते छबुबाईला मिरचीसारखं झोंबायचं. त्यात ही टाकी आली. माशांसाठी रोज पाटोद्याहून पाण्याचा जार! धुळाजी तो स्वतःच्या हातानं ओतायचा. उन्हानं पाणी लई आटतं, म्हणायचा. “बायांच्या घशाला कोरड अन् यांचे मासे पवतेत. फुटंल एक दिस ती काच,” असं छबुबाई टँकरपाशी चारचौघींत बोलून गेली होती. गावात अशी गोष्ट लपते होय?

मल्लिनाथनं पाच मिनिटं घासलं, दहा मिनिटं घासलं. रेघा जिथल्या तिथं. त्यानं काचेवर बाहेरून नख फिरवलं. नख सुळकन घसरलं. मग बाही वर करून त्यानं हात टाकीत घातला. मासे कोपऱ्यात पळाले. आतून मात्र नख अडकलं.

“चेअरमनसायेब, भायेरून काच साफ हाय. ओरखडे आतून हायेत, अन् सगळे वरून खाली. तांब्याच्या काठाचे. पान्यावाचून नुसत्या वाळूनं घासलेला तांब्या असंल, काठाला कण ऱ्हातेत, तेच काच कापतेत. कुणीतरी रोज पानी काढतंय यातून.”

धुळाजीचा आवाज दुप्पट चढला. “म्हंजी चोरी! आता काचंचं ऱ्हाऊ द्या, हिनं पानी चोरलंय माजं. बंद! उद्यापासून दूध बंद!”

छबुबाईचा पदर मागं सरकला. बारा वर्षांची रीत गेली खड्ड्यात.

“मी कावून चोरू? माज्या घरी दोन घागरी भरून हायेत. रांगंत भांडून आणल्यात. वाळूनं भांडी घासायची पाळी माज्यावर न्हाई आली, दादा!”

बोलून गेली आणि बोलता बोलता तिलाच उमगलं. तिनं आत पाहिलं. रांजण पालथा घातलेला. मोरी कोरडी ठाक. घरचं बोअर महिन्यापूर्वीच आटलं होतं. धुळाजी आंघोळ सोसायटीच्या हापिसात करायचा, त्याला काय त्याचं? ताराबाईनं दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तो “बघू” म्हणाला.

थोरल्या जावेला उघडं पाडायचा असला मोका छबुबाईला जन्मात मिळाला नव्हता. शब्द ओठांवर आलाच होता. तेवढ्यात ताराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून पुढं आली.

“मी काढलं पानी,” ती नवऱ्याला म्हणाली. “तीन पदरी फडक्यातून गाळून. तुमचे संचालक रोज चहा पितेत न्हवं, त्यो त्याचाच.”

मल्लिनाथनं पावडरीच्या डबीचं झाकण लावलं.

ताराबाईनं नवऱ्याकडं पुन्हा बघितलंसुद्धा नाही. ती धाकट्या जावेकडं वळली.

“रोज खिडकीतून बघते तुला, छबू. डोक्यावर भरलेली घागर घिऊन बायांसंगं हसत जातीस. लई जळते बग मी तुज्यावर.”